फ्रान्त्स कीलहॉर्न

लोरेन्त्स फ्रान्त्स कीलहॉर्न (३१ मे १८४० – १९ मार्च १९०८) हे जर्मन संस्कृत पंडित, पाणिनीय व्याकरणाचे भाष्यकार आणि पुराभिलेखतज्ज्ञ होते. त्यांचा जन्म ओस्नाब्र्युक येथे झाला. ग्योटिंगेन येथे टेओडोर बेन्फाय यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे काही वर्षे ते ऑक्सफर्डला मोनियर-विल्यम्स यांच्या कोशकार्यात साहाय्यक होते.

१८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली. टिळक आणि आगरकर हे त्यांच्याच कारकिर्दीत तेथे विद्यार्थी होते. युरोपात ग्रंथांवरून मिळालेले व्याकरणज्ञान अपुरे आहे हे ओळखून त्यांनी अनंतशास्त्री पेंढारकर यांच्यापाशी शास्त्राध्ययन केले. प्राध्यापकाने पुन्हा शिष्य व्हावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. नागोजीभट्टाच्या ‘परिभाषेन्दुशेखर’ या अतिशय क्लिष्ट ग्रंथाचे त्यांनी केलेले संपादन व इंग्रजी भाषांतर याच परंपरेच्या आधाराने उभे राहिले. ब्यूलर यांच्यासमवेत त्यांनी मुंबई संस्कृत ग्रंथमालेचे संपादनही केले.

पतंजलीच्या ‘महाभाष्या’ची तीन खंडांतील आवृत्ती (१८८०–८५) हे त्यांचे मुख्य कार्य होय. महाभाष्याची संहिता मध्यंतरी लुप्त होऊन नंतर जुळवली गेली असावी, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही, अशी शंका तेव्हा घेतली जात होती. कात्यायन हा पाणिनीचे दोष काढणारा प्रतिस्पर्धी, असाही समज रूढ होता. कीलहॉर्न यांनी हस्तलिखिते ताडून पाहिली, कात्यायनाची वार्त्तिके कोणती व पतंजलीची वाक्ये कोणती हे वेगळे केले, आणि अनेक वार्त्तिके सूत्रांचे समर्थनच करतात हे ‘कात्यायन आणि पतंजली’ (१८७६) या पुस्तकात दाखवून दिले. त्यांची आवृत्ती अभ्यासक आजही प्रमाण मानतात; का. वा. अभ्यंकर यांनी तिची सुधारलेली आवृत्ती तयार केली.

विदर्भाशीही त्यांचा संबंध आला. मध्य प्रांतातील संस्कृत हस्तलिखितांची त्यांनी केलेली सूची १८७४ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाली. नागपूरच्या संग्रहालयातील माळव्याच्या परमार राजांचा शिलालेख (विक्रम संवत ११६१) आणि वाकाटक नृपती दुसरा पृथिवीषेण याचे बालाघाट ताम्रपट त्यांनी संपादित केले. कोरीव लेखांतील तिथिवारांचे गणित करून त्यांनी कलचुरी संवताचा आरंभ इ. स. २४८ च्या सुमारास ठरविला. पुढे नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी या कालगणनेचा पुन्हा कसून तपास केला.

१८८१ मध्ये कीलहॉर्न यांनी पुणे सोडले. त्यांच्या जागी रा. गो. भांडारकर आले. ग्योटिंगेन विद्यापीठात ते अखेरपर्यंत संस्कृतचे अध्यापन करीत राहिले आणि तेथेच त्यांचे निधन झाले.