श्रीसंत गाडगे महाराज : कुळाचार आणि देवभक्ती

ग्रामस्थ बंधुभगिनींच्या श्रमाने व देणगीदारांच्या उदार हस्ते आपल्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला. या मंगल प्रसंगी आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या श्रीसंत गाडगे महाराजांचे स्मरण करणे उचित होय. वाडवडिलांकडून आलेल्या चालीरीतींतले काय ठेवावे आणि काय सोडावे, हा प्रश्न त्यांना घरातच पडला. त्याचे उत्तर देताना त्यांना घरावरच पाणी सोडावे लागले.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. त्या काळी देवाला बकरे कापायचे, सोबत दारू आणायची आणि जातभाईंना जेवू घालायचे, हाच देवधर्म समजला जाई. वडील झिंगराजी दारूच्या आहारी जाऊन अकाली वारले. संसार उघड्यावर पडला. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी येथे माहेरी आली. मामाच्या घरी डेबूने गुरे राखली, नांगर धरला आणि शेतीत नाव कमावले. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीन गेली, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिले. आपल्या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात त्या दुःखाची ओळख करून द्यावी लागत नाही.

यथाकाल कुंताबाईंशी विवाह झाला. मुलगी झाली, तेव्हा बारशाला रिवाजाप्रमाणे मटण व दारू होईल, अशी जातभाईंची अपेक्षा होती. डेबूजींनी गोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट लहान वाटेल. परंतु त्या काळी रीत मोडणाऱ्याला जात दूर लोटीत असे आणि देव कोपेल ही धास्ती घरच्यांना असे. ज्या रीतीने वडिलांचा बळी घेतला, ती लेकीच्या पाळण्यापाशी येऊ द्यावयाची नाही, हा त्यांचा निश्चय होता. त्यांनी तो सोडला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आई, पत्नी व लेकराबाळांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि जेवणपाण्यासाठी मातीच्या गाडग्याचा तुकडा. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यांची थोरवी गाताना घरच्यांनी सोसलेले विसरता कामा नये. ज्या माउलीने मुलाच्या आधारावर आयुष्य काढावे, तिचा तो आधार गेला. कुंताबाईंच्या वाट्याला नवरा असून संसार एकटीने ओढणे आले. १९२३ साली मुलगा गोविंद वारला. महाराजांना ही वार्ता कीर्तनात समजली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

महाराजांनी देवावरची श्रद्धा टाकली नाही. ते पंढरीच्या वारीला जात; पण देवळात गर्दी करण्याऐवजी वाळवंट झाडीत. गावात आले की आधी खराटा हाती घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, असा त्यांचा क्रम असे. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत ते त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. नवसाला बकरे कापू नका, दारू पिऊ नका, कर्ज काढून सणलग्ने करू नका, शिवाशिव पाळू नका, पोटाला चिमटा घ्या पण मुलांना शिकवा, हाच त्यांचा उपदेश असे.

लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट झाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस देऊन टाकली. एवढ्या इमारती उभ्या राहिल्या, परंतु लोकांच्या पैशावर आपल्या घरच्यांचा हक्क नाही, हा नियम त्यांनी कटाक्षाने पाळला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात त्यांची प्राणज्योत मालवली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला आज त्यांचेच नाव आहे.

कळस चढला, गाभारा उजळला, याचा आनंद आपण सारे मानू या. परंतु जुन्या भिंतीतले पोकळ दगड काढून चांगले दगड जसे आपण पुन्हा बसविले, तसेच घरच्या रीतींचेही करावे लागेल. उद्या आपल्याच घरातील एखादा मुलगा बोकडाच्या नवसाला किंवा कर्जाच्या लग्नाला नाही म्हणाला, तर त्याला कुळबुडव्या म्हणण्यापूर्वी डेबूजींच्या लेकीचे बारसे आठवावे. त्याच्यावर घर सोडण्याची वेळ येऊ नये, एवढे आपण केले तरी हा जीर्णोद्धार सफल झाला असे म्हणता येईल.