हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला? तेव्हा लॉकियर कुठे होते?

कोकण किनाऱ्यावर आगरदांड्यापासून बरंच खाली, सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम शोधला, असे मेसेज ऑगस्टमध्ये फिरतात. पण त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते.

१८३६ मध्ये रग्बी इथे जन्मलेले लॉकियर लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते. नोकरी फायलींची, छंद आकाशाचा. त्यांची स्वतःची सव्वासहा इंची दुर्बीण होती. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा एरवी झगमगाटात हरवतात, म्हणून अभ्यासक ग्रहणाची वाट बघायचे. लॉकियर यांनी दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांच्या प्रकाशरेषा पाहिल्या. फ्रान्सचे जान्सेन यांना हे तंत्र दोन महिने आधी गुंटूरला साधलं होतं. श्रेय दोघांनाही मिळालं.

त्यातली एक पिवळी रेषा सोडियमची वाटत होती, पण जागा किंचित वेगळी. हे नवं मूलद्रव्य आहे, असं लॉकियर यांचं म्हणणं. सूर्याच्या ग्रीक नावावरून ते हेलियम. अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटेना. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडला, तेव्हा कुठे वाद मिटला. (मधल्या काळात, १८६९ मध्ये, या कारकुनाने 'नेचर' सुरू केलं होतं. हो, तेच जगप्रसिद्ध 'नेचर'.)

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात, ते याच साहेबाचे.