टॉलस्टॉय आणि तात्पर्याचा प्रश्न

सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्या इसापनीतिकथा १८२८ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाल्या. गोष्ट संपली की खाली ‘तात्पर्य’ द्यावयाचे ही रीत पुढे मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली की, तात्पर्यावाचून बोधकथा असू शकते हेच त्याच्या ध्यानी येईनासे झाले. त्याच वर्षी, जुन्या रशियन पंचांगाच्या २८ ऑगस्टला, तूला प्रांतातील यास्नाया पोल्याना या जहागिरीत लेव निकोलायेविच टॉलस्टॉय यांचा जन्म झाला. याच इसापाच्या कथा त्यांनी पुढे रशियन मुलांसाठी लिहिल्या, पण बहुतेक ठिकाणी तात्पर्य गाळून. वाचलेल्या मजकुराचे मर्म मुलाच्या हाती कसे लागते, हा प्रश्न या कादंबरीकाराने आयुष्यातील कित्येक वर्षे उराशी बाळगला होता. ‘युद्ध आणि शांती’ व ‘अ‍ॅना कॅरेनिना’ यांच्या कीर्तीमुळे त्यांच्या चरित्राचा हा भाग बराचसा झाकोळला गेला आहे.

टॉलस्टॉय दोन वर्षांचे होण्याआधीच त्यांची आई वारली आणि नवव्या वर्षी पितृछत्रही हरपले. १८४४ मध्ये त्यांनी कझान विद्यापीठात पौर्वात्य भाषांच्या शाखेत प्रवेश घेतला, पुढे कायद्याकडे मोर्चा वळविला आणि १८४७ मध्ये पदवी न घेताच विद्यापीठ सोडले. १८४९ मध्ये त्यांनी आपल्या भूदासांच्या मुलांसाठी शाळा काढून पाहिली. तो प्रयत्न फार काळ टिकला नाही. त्यानंतर कॉकेशसमधील सैनिकी जीवन, १८५२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘बालपण’, सेवास्तोपोलचा वेढा आणि तरुण लेखक म्हणून मिळालेला लौकिक हे सारे झाले. परंतु राजधानीतील साहित्यिक वर्तुळात त्यांचे मन रमले नाही. १८५९ च्या शरद ऋतूत त्यांनी यास्नाया पोल्याना येथे पुन्हा शाळा उघडली. भूदासांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघावयास अद्याप दीड वर्ष अवकाश होता.

या शाळेत चाळीसेक मुलांची नावे होती. घरून वही-पुस्तक आणावयाचे नाही, गृहपाठ नाही, कालचा धडा आज पाठ म्हणून दाखविण्याची सक्ती नाही आणि कंटाळा आला तर उठून जाण्यास बंदी नाही, असा तेथील रिवाज होता. १८६० च्या उन्हाळ्यात टॉलस्टॉय युरोपात गेले. वडील बंधू निकोलाय यांचा फ्रान्समध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत मृत्यू झाला. त्या दुःखातही जर्मनी, फ्रान्स आणि इंग्लंड येथील शाळा पाहणे त्यांनी सोडले नाही. जर्मन शाळांतील वस्तुपाठाची पद्धत तेव्हा आदर्श मानली जाई. टॉलस्टॉय यांनी तिचे जे चित्र रेखाटले आहे ते मार्मिक आहे. शिक्षक माशाचे चित्र दाखवून काय दिसते असे विचारतो, मुले मासा म्हणतात, आणि ते उत्तर चूक ठरते, कारण शिक्षकाच्या मनात दुसरेच उत्तर असते. मग मुले एकामागून एक अंदाज करीत राहतात, आणि त्यांपैकी एखादा केव्हातरी लागू पडतो. त्यांचे डोळे चित्रावर असतात, पण शोध चालतो तो शिक्षकाच्या मनाचा. उलट मार्सेय येथे त्यांना असे आढळले की, सामान्य लोक जे काही समजून घेतात ते शाळेबाहेर, उपाहारगृहांत आणि स्वस्त कादंबऱ्यांतून.

१८६१ मध्ये ते परतले आणि १८६२ मध्ये आपल्या शाळेच्या नावानेच त्यांनी एक मासिक काढले. त्यातील निबंधांत वाचनाविषयीचे त्यांचे अनुभव आले आहेत. अक्षरओळख झालेली मुले छापील ओळी घडाघडा वाचू लागली, पण काय वाचले ते त्यांना सांगता येईना. लोककथा आणि बायबलच्या जुन्या करारातील आख्याने त्यांना आपलीशी वाटत. ग्रांथिक रशियन मात्र परकी राही. तेव्हा सोप्याकडून अवघडाकडे नेणारी पायऱ्यांची वाट बांधावी, या हेतूने टॉलस्टॉय यांनी रॉबिन्सन क्रूसोची कथा घेतली, पुश्किन आणि गोगोल यांच्या गोष्टी घेतल्या, आणि वाचलेले मुलांनी आपल्या शब्दांत सांगावे असा क्रम ठेवला. प्रयोग फसला. उत्सुक मुलेही कंटाळून गेली. दुर्बोध शब्दांचे अर्थ सांगण्याचा उपायही निष्फळ ठरला. ‘संस्कार’ किंवा ‘ठसा’ या अर्थाचा एखादा शब्द समजावू जावे, तर स्पष्टीकरणात तितकेच दुर्बोध आणखी चार शब्द येत.

या अपयशातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मूलगामी होता. बहुधा मुलाला अडतो तो शब्द नव्हे. त्या शब्दामागची कल्पनाच त्याच्यापाशी नसते. कल्पना सिद्ध झाली की शब्द आपोआप चालून येतो. आणि कल्पना बाहेरून देता येत नाही. निरनिराळ्या संदर्भांत तोच शब्द पुनःपुन्हा कानी पडून ती हळूहळू आकार घेते. जे शब्दाचे तेच संपूर्ण मजकुराचे. शिक्षकाने सांगितलेला आशय मूल पाठ करील, पण तो त्याचा होणार नाही.

याच सुमारास एक विलक्षण घटना घडली. टॉलस्टॉय यांनी मुलांना एक म्हण देऊन तीवर गोष्ट रचावयास सांगितले. मुलांना ते जमेना, म्हणून ते स्वतःच लिहावयास बसले. मुले भोवती जमली आणि त्यांच्या लेखनातील उणिवा दाखवू लागली. फेद्का नावाच्या मुलाने सुचविलेले बारीक तपशील इतके अचूक होते की टॉलस्टॉय स्तिमित झाले. लिहिण्याची कला कोणी कोणाकडून शिकावी, शेतकऱ्यांच्या मुलांनी आमच्याकडून की आम्ही त्यांच्याकडून, असा प्रश्न करणारा निबंध त्यांनी या अनुभवावर लिहिला. मजकुरातून मर्म काढण्यास अडखळणारी मुले म्हणीसारख्या नुसत्या मर्मातून जिवंत मजकूर उभा करू शकत होती. म्हणजे उणीव बुद्धीची नव्हती.

१८६२ च्या जुलैमध्ये टॉलस्टॉय समाराच्या गवताळ प्रदेशात प्रकृतीसाठी गेले असता पोलिसांनी त्यांच्या घराची आणि शाळेची झडती घेतली. आक्षेपार्ह असे काहीच सापडले नाही. पण त्यांचा विश्वास ढळला. सप्टेंबरात सोफिया बेर्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला, मासिक थांबले, शाळाही बंद पडली आणि ‘युद्ध आणि शांती’चे युग सुरू झाले.

ती कादंबरी हातावेगळी होताच ते पुन्हा मुलांकडे वळले. १८७० च्या अखेरीस ग्रीक भाषेचा अभ्यास सुरू करून त्यांनी इसाप मुळातून वाचला. १८७२ मध्ये चार भागांचे ‘आज्बुका’, म्हणजे मुळाक्षरांचे पुस्तक, बाहेर पडले. त्यात अक्षरओळख आणि अंकगणित होतेच, शिवाय इसापाच्या, भारतीय आणि अरबी कथा, रशियन वीरगाथा, निसर्गातील घटनांची वर्णने आणि ‘कॉकेशसचा कैदी’ ही दीर्घकथाही होती. मुलांना माहिती आणि निरीक्षणे शक्य तितकी द्यावीत. व्याख्या, वर्गीकरणे आणि सर्वसामान्य निष्कर्ष शक्य तितके कमी द्यावेत, अशी सूचना त्यांनी शिक्षकांना केली. कारण निष्कर्ष ज्याने त्याने स्वतः काढला तरच तो उपयोगी पडतो.

भारतीय वाचकाला यातील एक कथा विशेष बोलकी वाटेल. एक भारतीय राजा आंधळ्यांना बोलावून आपले हत्ती दाखवितो. प्रत्येक जण हाताला लागलेल्या अवयवावरून हत्तीचे वर्णन करतो. पाली ‘उदान’ ग्रंथात या दृष्टान्तानंतर बुद्ध त्याचा अर्थ उलगडतात. टॉलस्टॉय यांची कथा आंधळ्यांच्या भांडणावर थांबते. भांडण कशामुळे झाले, हे शोधण्याचे काम बालवाचकाकडे उरते.

१८७५ च्या ‘नव्या आज्बुका’तील आलुबुखाराच्या बीची गोष्ट याच रीतीची आहे. जेवणानंतर मुलांना द्यावयाच्या फळांपैकी एक वान्या गुपचूप खातो. विचारल्यावर इतरांप्रमाणे तोही नाही म्हणतो. बी गिळणारा दुसऱ्या दिवशी मरतो, याचीच आपल्याला भीती वाटते, असे वडील सांगतात. वान्या घाबरून बोलून जातो की, बी तर त्याने खिडकीबाहेर टाकली. सारे हसतात आणि तो रडू लागतो. ही गोष्ट चोरीची, असत्याची, वडिलांच्या चातुर्याची की चारचौघांत झालेल्या फजितीची? एका वाक्यात तात्पर्य लिहिले असते, तर यांपैकी तीन वाटा बंद झाल्या असत्या.

पहिल्या ‘आज्बुका’चे स्वागत थंडे झाले, अक्षरे शिकविण्याच्या टॉलस्टॉय यांच्या पद्धतीवर कडक टीका झाली. १८७४ मध्ये मॉस्कोच्या साक्षरता समितीपुढे वाद झाला आणि दोन पद्धतींची प्रत्यक्ष वर्गात तुलना करण्यात आली. तीतून निर्णायक असे काही निघाले नाही. टॉलस्टॉय यांचा आग्रहही दोषरहित नव्हता. ध्वनिपद्धतीविषयी ते अनुदार होते. शब्दार्थ सांगण्याचा उपयोग त्यांनी जितका थोडा मानला तितका तो थोडा नसतो. शिवाय त्यांच्या शाळेचे यश पुष्कळ अंशी त्यांच्या असामान्य व्यक्तिमत्त्वावर अवलंबून होते. तथापि सुधारलेला ‘नवा आज्बुका’ आणि त्यासोबतची चार वाचनपुस्तके शाळांतून मान्यता पावली आणि त्यांच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

यानंतर हाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या कलाकृतीविषयी उभा राहिला. १८७६ मध्ये समीक्षक स्त्राखोव यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी असा अभिप्राय दिला की, ‘अ‍ॅना कॅरेनिना’त काय सांगावयाचे होते ते शब्दांत सांगावयाचे झाल्यास तीच कादंबरी पुन्हा प्रारंभापासून लिहावी लागेल, अर्थ सुट्या विचारांत नसून त्यांच्या परस्परगुंफणीत असतो. कादंबरीकाराची ही जाणीव आणि मुलांच्या पुस्तकातून तात्पर्य गाळणाऱ्या शिक्षकाची जाणीव वेगळ्या नव्हत्या.

पण ती अखेरपर्यंत अविचल राहिली असे म्हणता येत नाही. धार्मिक परिवर्तनानंतर १८८० च्या दशकात त्यांनी लोकांसाठी ज्या कथा लिहिल्या त्यांपैकी काहींच्या आरंभीच बायबलमधील वचने येतात आणि काही कथांत बोध उघडपणे सांगितला जातो. उपदेशकाला तात्पर्य हवे होते. १८९७-९८ मधील ‘कला म्हणजे काय?’ या ग्रंथात तर त्यांनी आपल्या जवळजवळ सर्व ललित लेखनाला हीन कलेत ढकलले. अपवाद केला तो दोनच कथांचा: ‘देव सत्य जाणतो, पण वाट पाहतो’ आणि ‘कॉकेशसचा कैदी’. दोन्ही ‘आज्बुका’साठी, मुलांच्या वाचनाकरिता लिहिलेल्या होत्या.

आयुष्याच्या संध्याकाळी, १९०७ च्या सुमारास, टॉलस्टॉय गावच्या मुलांना पुन्हा शिकवू लागले. विषय नीतीचा असे. परंतु सांगून झालेले मुलांनी आपल्या शब्दांत सांगावे, हा जुना क्रम त्यांनी सोडला नव्हता. ७ नोव्हेंबर १९१० रोजी अस्तापोवो रेल्वेस्थानकावर त्यांचे निधन झाले. त्यांच्यातील उपदेशक आणि शिक्षक यांचे भांडण मिटले नाही. मुलांसाठीची त्यांची पाठ्यपुस्तके मात्र या भांडणात शिक्षकाच्या बाजूने उभी आहेत. त्यांत गोष्ट संपते तेथे छापील ओळही संपते, आणि पुढचा विचार वाचणाऱ्या मुलाकडे सोपविलेला असतो.