फडक्यांचं वकीलपत्र कोण घेणार?

कर्नाळ्याचा ट्रेक तुम्ही केला असेल. नसेल तर मुंबई-गोवा हायवेवरून जाताना तो अंगठ्यासारखा सुळका नक्की बघितला असेल. पळस्पे फाटा सोडला की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके ४ नोव्हेंबर १८४५ ला इथे जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. आद्य क्रांतिकारक, एडनला मृत्यू, एवढं आपल्याला पाठ असतं. त्यांच्यावर खटला चालला, त्यांना वकीलही होता, हे मात्र राहूनच जातं.

फडके पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. आई आजारी पडली, रजा वेळेवर मिळाली नाही, घरी पोचेपर्यंत आई गेलेली. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि गावोगावची उपाशी माणसं त्यांनी बघितली. मग रामोश्यांना जमवून १८७९ च्या फेब्रुवारीत पुण्याजवळच्या धामारीवर पहिली धाड. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले, पळस्पे आणि चिखली लुटली. पळस्पे म्हणजे शिरढोणचा शेजार! ज्यांची घरं फुटली, त्यांच्या लेखी हा दरोडाच होता. ते नाकारून चालणार नाही. सरकारने फडक्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं, तर या गड्याने उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्याच डोक्यावर बक्षीस जाहीर केलं.

जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगीला मेजर डॅनियलने त्यांना पकडलं. आजारी, थकलेले. पुण्यात आणून खटला भरला. आरोप साधे नव्हते: दरोडे, राजद्रोह आणि सरकारविरुद्ध युद्धाचा कट. वर सरकारच्या हाती त्यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र, दोन्ही त्यांच्याच अक्षरात.

आता तुम्ही लॉ करत असाल तर सांगा, ही केस घ्याल?

१८७२ च्या फौजदारी कायद्याने आरोपीला वकील करायची मुभा दिली होती. पण वकील मिळवून देणं हे सरकारचं काम नव्हतं. आणि मिळणार कसा? पुण्यातल्या पुढाऱ्यांवर सरकारचा आधीच डोळा होता. त्याच मे महिन्यात न्यायमूर्ती रानड्यांची बदली थेट धुळ्याला झालेली. अशा हवेत गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे राहिले. सार्वजनिक सभेचे संस्थापक, अंगावर हातमागाची खादी, सगळं काम अर्ज-विनंत्या आणि कायद्याच्या चाकोरीतलं. फडक्यांचा मार्ग त्यांचा नव्हता. तरी वकीलपत्र त्यांनी घेतलं. महादेव चिमणाजी आपटेही बचावाला होते, ज्यांनी पुढे पुण्यात आनंदाश्रम काढला ते.

मला यातलं धाडस फडक्यांच्या धाडसाइतकंच मोठं वाटतं. सगळा पुरावा विरुद्ध असताना वकील काय करतो? आरोप सरकारलाच सिद्ध करायला लावतो, शिक्षा कायद्याच्या मापाबाहेर जाऊ नये म्हणून अडून बसतो. आरोपीचं पटतं का, हा प्रश्नच तिथे येत नाही. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, ती टळली नाही.

आज हीच गोष्ट संविधानाच्या कलम २२ मध्ये आहे: अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला नाकारता येत नाही. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा हक्कच आहे, हे सुप्रीम कोर्टाने हुसैनारा खातून प्रकरणात सांगितलं. साल १९७९, फडक्यांच्या खटल्याला बरोबर शंभर वर्षं. रायगडात कुणाला गरज पडली तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, नंबर सेव्ह करून ठेवा. तरीही एखादा गुन्हा गाजला की ‘याची केस कोणी घ्यायची नाही’ असे ठराव वकील संघटना करतात. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने असे ठराव बेकायदा ठरवले. कॉलेज कट्ट्यावर मात्र ‘वकील कशाला द्यायचा त्याला?’ हे आपण अजून बिनधास्त बोलतो.

काका जुलै १८८० मध्ये वारले, खटल्यानंतर वर्षाच्या आत. फडके एडनच्या तुरुंगातून एकदा निसटले, पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ ला ते तिथेच गेले. वय ३७.