विश्लेषण : दिल्लीच्या शूटिंग रेंजला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. करणी सिंह कोण होते?

नेमबाजीची कुठलीही मोठी बातमी वाचा. विश्वचषक असो, राष्ट्रीय स्पर्धा असो की ऑलिम्पिकसाठीची निवड चाचणी, त्यात एक नाव हमखास येते : दिल्लीतील डॉ. करणी सिंह शूटिंग रेंज. नाव इतक्यांदा कानावर पडते, की त्यामागे एक माणूस होता हेच लक्षात राहत नाही. हा माणूस पाच वेळा ऑलिम्पिकमध्ये उतरला, एकदा विश्वविजेतेपदाच्या अगदी दारातून परत आला, लोकसभेत २५ वर्षे बसला आणि मुंबई विद्यापीठाची पीएच.डी.ही मिळवून गेला. बंदूक मात्र त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, ती वेगळ्याच कामासाठी.

‘करणी’ हे नाव कुठून आले?

मराठी वाचकाला ‘करणी’ म्हटले की लिंबू आणि टाचण्या आठवतात. इथे त्याचा संबंध नाही. बिकानेरजवळच्या देशनोक गावात करणी मातेचे मंदिर आहे. उंदरांचे मंदिर म्हणून त्याचे व्हिडीओ अनेकांनी मोबाइलवर पाहिले असतील. ही बिकानेरच्या राजघराण्याची आराध्य देवता. २१ एप्रिल १९२४ रोजी बिकानेरमध्ये जन्मलेल्या राजपुत्राला तिचेच नाव मिळाले.

आजोबा महाराजा गंगा सिंह हे ब्रिटिश काळातील वजनदार संस्थानिक. वाळवंटात कालव्याचे पाणी आणणारा राजा म्हणून राजस्थानात आजही त्यांचे नाव निघते. इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये मात्र ते आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते : गजनेरची शिकार. बिकानेरजवळच्या या तलावावर हिवाळ्यात भट तीतर पक्ष्यांचे प्रचंड थवे सकाळी पाणी प्यायला उतरत. पाहुणे आडोशाला बंदुका घेऊन बसत आणि वेगाने येणाऱ्या पक्ष्यांवर छर्रे झाडत. व्हॉइसरॉयही या शिकारीला येऊन गेले. उडता पक्षी टिपणे ही त्या घरात मुलाच्या शिक्षणातलीच एक गोष्ट होती.

संस्थान गेले, पदवी उरली

करणी सिंह दिल्लीच्या सेंट स्टीफन्स आणि नंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकले. १९४४ मध्ये डुंगरपूरच्या राजकन्या सुशीलाकुमारी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. क्रिकेट पाहणाऱ्यांसाठी ओळख सांगायची तर मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्ष राहिलेले राजसिंह डुंगरपूर हे सुशीलाकुमारींचे बंधू.

१९४९ मध्ये बिकानेर संस्थान राजस्थानात विलीन झाले. पुढच्याच वर्षी वडील सादूल सिंह यांचे निधन झाले आणि करणी सिंह महाराजा झाले, पण ज्यावर राज्य करायचे ते संस्थानच राहिले नव्हते. वय होते २६. अशा वेळी अनेक संस्थानिक राजवाडा, तनखा आणि जुन्या आठवणींत रमले. करणी सिंह १९५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहिले आणि जिंकले. त्यानंतर १९७७ पर्यंत सलग पाच लोकसभांमध्ये ते अपक्ष म्हणूनच होते. राजस्थानी भाषेला मान्यता मिळावी हा त्यांचा लाडका मुद्दा.

त्या पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष होते ग. वा. मावळणकर. आता गंमत पाहा. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, ती याच मावळणकरांच्या पुढाकाराने, आणि तिचे पहिले अध्यक्षही तेच. आज राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता गाठण्यासाठी मुले ‘मावळणकर’ खेळायला जातात, ती स्पर्धा त्यांच्याच नावाची. म्हणजे ज्या दोन नावांशिवाय भारतीय नेमबाजीची बातमी पूर्ण होत नाही, ते दोघे काही वर्षे एकाच सभागृहात होते. एक अध्यक्षांच्या आसनावर, दुसरा अपक्षांच्या बाकावर.

ट्रॅप म्हणजे नेमके काय?

करणी सिंह यांचे मोठेपण समजायचे तर आधी खेळ समजायला हवा. दहा मीटर एअर रायफलमध्ये लक्ष्य स्थिर असते आणि नेमबाजाने स्वतः स्थिर व्हायचे असते. ट्रॅपमध्ये सगळेच उलटे.

नेमबाज उघड्या मैदानात उभा असतो. त्याच्यासमोर १५ मीटरवर एक खंदक असतो आणि त्यात १५ यंत्रे दडवलेली असतात. नेमबाजाने आवाज दिला, की एका यंत्रातून ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची तबकडी ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते आणि दूर पळू लागते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. हातात १२ बोअरची दुनळी. एका तबकडीसाठी जास्तीत जास्त दोन गोळ्या. एक तबकडी झाली, की पुढच्या जागेवर सरकायचे. अशा २५ तबकड्यांची एक फेरी.

बंदुकीतून एक गोळी नाही तर बारीक छऱ्यांचा झुबका निघतो, त्यामुळे हे सोपे असेल असे वाटते. हिशेब करून पाहा. छर्रे ३५ मीटर अंतर कापेपर्यंत साधारण सेकंदाचा दहावा भाग जातो. तेवढ्यात तिरकी जाणारी तबकडी मीटरभर तरी पुढे गेलेली असते. म्हणजे तबकडी दिसते तिथे नव्हे, ती जिथे असणार आहे तिथे बंदूक न्यावी लागते, आणि तीही न थांबवता, फिरवत फिरवत. विचार करायला वेळ नसतो. डोळा, खांदा आणि बोट यांनी तो विचार आधीच केलेला असावा लागतो, हजारो तबकड्या फोडून.

या खेळाचा जन्म शिकारीतच झाला. इंग्लंडमध्ये पूर्वी पेटीत जिवंत कबुतर ठेवत, दोरी ओढून झाकण उघडत आणि उडालेल्या पक्ष्यावर बार टाकत. ती पेटी म्हणजे ‘ट्रॅप’. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. पुढे काचेचे गोळे आले आणि १८८० च्या सुमारास अमेरिकेत मातीच्या तबकड्या. म्हणून आजही तबकडीला ‘क्ले पिजन’ म्हणतात, जरी आता तिच्यात माती नसते, चुनखडी आणि डांबरासारखा पदार्थ असतो.

गजनेरच्या तलावाकाठी वाढलेल्या मुलाला हा खेळ जमला, यात आश्चर्य नाही. डोळ्यांना सवय तीच होती. फरक होता तो मोजणीचा. शिकारीत यजमान महाराजाचा नेम चुकला तर कोणी बोलत नाही. ट्रॅपमध्ये फुटली की एक, नाही फुटली की शून्य, आणि तो शून्य सगळ्यांसमोर फलकावर लागतो.

कैरोमध्ये काय घडले?

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये करणी सिंह पहिल्यांदा उतरले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. ट्रॅपमध्ये त्यांनी आठवे स्थान मिळवले. पुढच्याच वर्षी अर्जुन पुरस्कार सुरू झाले आणि पहिल्याच तुकडीत नेमबाजीचा पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच तुकडीत बॅडमिंटनसाठी आपले नंदू नाटेकर होते.

मग आले १९६२. कैरोमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. अनेक फेऱ्यांची नेमबाजी संपली तेव्हा गुणफलकावर करणी सिंह यांच्या नावापुढे जेवढे गुण होते, तेवढेच सोव्हिएत संघाच्या झिमेन्को यांच्या नावापुढे. दोघे पहिल्या स्थानावर बरोबरीत. निकालासाठी शूट-ऑफ झाला आणि त्यात झिमेन्को सरस ठरले. करणी सिंह यांना रौप्यपदक मिळाले.

शूट-ऑफ हरणे हे अंतिम फेरी हरण्यासारखे नाही. तिथपर्यंत दोघांत तसूभरही फरक नसतो. त्या सगळ्या तबकड्यांपैकी कुठलीही एक जादा फुटली असती तर शूट-ऑफची वेळच आली नसती. त्या काळात भारताकडे मातीतल्या कुस्तीपलीकडे आणि हॉकीपलीकडे जागतिक पातळीवर सांगण्यासारखे फार थोडे होते, म्हणून हे रौप्य जेवढे गाजायला हवे होते तेवढे गाजले नाही, असेच म्हणावे लागते. ट्रॅपचे वैयक्तिक विश्वविजेतेपद भारताला मिळायला २००६ उजाडले. ते मानवजितसिंग संधू यांनी झाग्रेबमध्ये मिळवले, करणी सिंह हुकले त्यानंतर तब्बल ४४ वर्षांनी.

पाच ऑलिम्पिक, पदक नाही

१९६४ टोकियो : २६ वे स्थान. १९६८ मेक्सिको : दहावे. १९७२ म्युनिक : ३६ वे. १९७६ हुकले. १९८० मॉस्को : ४३ वे, तेव्हा वय ५६. पाच ऑलिम्पिक खेळणारे ते पहिले भारतीय ठरले.

नुसते आकडे पाहिले तर आलेख खाली जाताना दिसतो आणि कोणी म्हणेल, राजेसाहेबांचा छंद होता, पैसा होता, म्हणून जात राहिले. यात तथ्य अजिबात नाही असे नाही. परदेशी बंदूक, आयात काडतुसे, मोकळी जमीन आणि परदेशवारीचा खर्च त्या काळात किती भारतीयांना परवडला असता? ट्रॅप हा दीर्घकाळ राजघराण्यांचा आणि जमीनदारांचा खेळ राहिला, तो याच कारणाने. करणी सिंह यांच्यानंतर १९७८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला नेमबाजीतले पहिले सुवर्ण मिळाले, तेही ट्रॅपमध्ये, आणि मिळवणारे रणधीर सिंह पतियाळाच्या राजघराण्यातले.

पण केवळ छंद म्हणून सोडून द्यावे असेही हे नाही. रोमच्या आठव्या आणि मेक्सिकोच्या दहाव्या स्थानामध्ये आठ वर्षे आहेत, आणि मेक्सिकोत ते ४४ वर्षांचे होते. १९७१ मध्ये सोलच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले, तेव्हा पन्नाशी आली होती. मधल्या काळात इतिहासाचा अभ्यासही चालू होता. बिकानेरच्या राजघराण्याचे केंद्रीय सत्तांशी असलेले संबंध, दिल्लीच्या सुलतानांपासून इंग्रजांपर्यंत, या विषयावर त्यांना १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाने पीएच.डी. दिली. रेंजच्या नावातला ‘डॉ.’ तो हा.

याच वर्षांत त्यांच्याभोवतीचे जुने जग एकेक करून कायद्याने संपत होते. १९७१ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि पदव्या गेल्या. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि गजनेरसारख्या शिकारींचा जमाना बंद झाला. म्युनिकचे वर्षही तेच. आजोबांच्या काळातला तो सगळा थाट इतिहासजमा होत असताना नातवाच्या हातातली दुनळी मात्र चालूच होती, फक्त तिच्यासमोर पक्षी नव्हता.

मुलगी राज्यश्रीकुमारी यांनाही त्यांनी लहानपणापासून या खेळात आणले. १९६८ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. बाप आणि लेक दोघेही नेमबाजीतले अर्जुन पुरस्कारविजेते, अशी उदाहरणे विरळच.

महाराष्ट्रात ट्रॅप का रुजला नाही?

अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही मोठी नावे रायफल आणि पिस्तूल प्रकारातली आहेत, शॉटगनची नाहीत. कारण सरळ आहे. दहा मीटरची रेंज शाळेच्या हॉलमध्येही बसते. ट्रॅपसाठी समोर शेकडो मीटर मोकळी, निर्मनुष्य जागा लागते, कारण चुकलेले छर्रे कुठेतरी पडणारच. शिवाय १२ बोअरच्या बंदुकीसाठी शस्त्र परवाना हवा, आणि प्रत्येक बाराला एक काडतूस जाते. २५ तबकड्यांची फेरी म्हणजे दोन्ही नळ्या वापरल्या तर ५० काडतुसेही. दिवसाला चार फेऱ्यांचा सराव धरला तर महिन्याचा खर्च कुठे जातो, हे कॅल्क्युलेटरवर बघितलेले बरे. त्यामुळे पुण्या-कोल्हापुरातले मूल नेमबाजीकडे वळते तेव्हा ते आधी एअर रायफल उचलते.

राजघराण्याबाहेरच्यांसाठी शॉटगनचा दरवाजा उघडला, तो मुख्यतः लष्करातून. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये डबल ट्रॅपचे रौप्य जिंकणारे राज्यवर्धनसिंह राठोड तेव्हा लष्करी अधिकारी होते. करणी सिंह यांना पाच प्रयत्नांत न मिळालेले ऑलिम्पिक पदक शॉटगनमध्ये भारताला असे आले.

अखेरची स्पर्धा

१९८२ ची आशियाई स्पर्धा दिल्लीत होती आणि त्यासाठी तुघलकाबादला नवी शूटिंग रेंज उभी राहिली. ५८ वर्षांचे करणी सिंह भारताच्या ट्रॅप संघात होते. संघाला रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी रोम ते मॉस्को या प्रवासाच्या त्यांच्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

सहा वर्षांनी, सप्टेंबर १९८८ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तुघलकाबादच्या त्याच रेंजला आता त्यांचे नाव आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी ती नव्याने बांधली गेली, आणि ट्रॅपचे खंदक तिथे आजही आहेत.