राहेल आउअरबाख : आठवणी जपणारी बाई

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले. मी एका अन्नछत्राच्या चालिकेचे चरित्र निवडले आहे. ज्यू लोकांच्या इतिहासात तिचे नाव आदराने घेतले जाते; आपल्याकडे ते फारसे कानावर येत नाही.

राहेल आउअरबाख यांचा जन्म १९०३ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या लानोव्त्सी या गावी झाला. तत्त्वज्ञान व मानसशास्त्र यांचा अभ्यास करून १९३३ मध्ये त्या पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे आल्या आणि यिडिश व पोलिश भाषांत लेखन करू लागल्या. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. पुष्कळ लेखक शहर सोडून गेले. राहेलबाईही निघणार होत्या. पण इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी त्यांना थांबवून घेतले व लेश्नो रस्त्यावरील ४० क्रमांकाच्या घरातील अन्नछत्र त्यांच्या हाती सोपविले.

नोव्हेंबर १९४० मध्ये नाझींनी ज्यूंची वस्ती भिंतीआड बंद केली. चार लाखांहून अधिक माणसे आत कोंडली गेली. अन्नछत्रात मिळे ते पातळ सूप. जिने पंगतीत वाढले आहे तिला ठाऊक आहे, भांड्याचा तळ दिसू लागला आणि माणसे संपली नाहीत, म्हणजे जीव कसा कासावीस होतो. राहेलबाईंच्या वाट्याला ते रोजचेच होते. तेवढ्या सुपावर माणूस तगत नाही, त्याचे मरण काही दिवस लांबते एवढेच, हे कटू सत्य त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले.

रिंगेलब्लूम यांनी वस्तीतील जीवनाच्या नोंदींचा एक गुप्त संग्रह चालविला होता. मंडळी शनिवारी जमत, म्हणून त्याचे नाव ‘शब्बाथचा आनंद’. १९४१ पासून राहेलबाई त्यात सामील झाल्या. १९४२ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात अडीच लाखांहून अधिक माणसे ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आली. तेथून निसटून आलेल्या अब्राहम क्शेपित्स्की या तरुणाची हकीकत राहेलबाईंनी सविस्तर लिहून घेतली. संग्रहाचे कागद पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये घालून जमिनीत पुरले गेले.

मार्च १९४३ मध्ये त्या भिंतीबाहेर निसटल्या. पोलिश बाई म्हणून खोट्या नावाने राहिल्या व रात्री चोरून लिहीत राहिल्या. रिंगेलब्लूम १९४४ मध्ये मारले गेले. संग्रहाच्या साठेक कार्यकर्त्यांपैकी युद्धानंतर तिघेच उरले. त्यांतील एक राहेलबाई. पुरलेले कागद शोधा, असा आग्रह त्यांनी धरला. सप्टेंबर १९४६ मध्ये पेट्या सापडल्या, डिसेंबर १९५० मध्ये दुधाचे कॅन. क्शेपित्स्कीची हकीकत त्यांतूनच बाहेर आली. तो तरुण १९४३ च्या उठावातच गेला होता. त्याचे शब्द मात्र वाचले.

१९५० मध्ये राहेलबाई इस्रायलला गेल्या. याद वाशेम या स्मारक-संस्थेत १९५४ साली साक्षी गोळा करण्याचे खाते त्यांनी उभारले व १९६८ पर्यंत सांभाळले. पुढारी आणि पंडितच नव्हेत, साध्या संसारी माणसांनाही त्यांनी बोलते केले. १९६१ मध्ये नाझी अधिकारी आइखमनवर खटला चालला, तेव्हा साक्षीदार निवडण्यास त्यांनी मदत केली आणि स्वतःही साक्ष दिली. रेडिओवरून त्या साक्षी घरोघर पोहोचल्या, आणि आईबापांनी जे कधी उच्चारले नव्हते ते अनेक तरुणांनी प्रथमच ऐकले. १९७६ मध्ये राहेलबाई निवर्तल्या.

मला वाटते, साठ लाखांचा आकडा मुले परीक्षेपुरता पाठ करतात. सुपाच्या रांगेतला एक भुकेला माणूस त्यांच्या ध्यानात राहतो. आता ते दिवस सोसलेली माणसे फार थोडी उरली आहेत. यापुढे त्यांच्या जागी हे कागदच बोलणार. म्हणून नातवंडांना शूर राण्यांच्या गोष्टी सांगताना, या सूप वाढणाऱ्या बाईची गोष्टही अवश्य सांगावी.