जमशेदजी मादन : चित्रगृहांच्या साखळीचे धनी

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात दादासाहेब फाळके यांचे नाव निर्मितीशी जोडले गेले आहे, तर जमशेदजी फ्रामजी मादन यांचे नाव वितरण आणि प्रदर्शनाशी. चित्रपट तयार करणे आणि तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाच्या किल्ल्या ज्याच्या हाती, त्याचे पहिल्यावरही नियंत्रण राहते, हे या देशात सर्वप्रथम मादन यांनी ओळखले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एका सामान्य पारशी कुटुंबात त्यांचे बालपण गेले. शाळकरी वयातच ते एल्फिन्स्टन नाटक मंडळीत पडेल ते काम करणारा मुलगा म्हणून दाखल झाले. पारशी रंगभूमीचा तो भरभराटीचा काळ होता. पुढे ज्या मंडळीत त्यांनी उमेदवारी केली, तीच त्यांनी विकत घेतली. तिच्या जोडीला खटाव-आल्फ्रेड ही दुसरी नामांकित मंडळीही घेतली. या खरेदीत नट आणि लेखक तर आलेच, शिवाय नाटकांचे हक्कही आले. त्यांच्या पुढील व्यवहारांची रीत येथेच दिसते : एखादी वस्तू घ्यायची ती एकटी नव्हे, तिच्याभोवतीच्या सर्व गोष्टींसह.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आपला मुक्काम कलकत्त्यास हलविला. खाद्यपदार्थ, मद्य आणि इतर मालाच्या पुरवठ्याचा त्यांचा व्यापार तेथे उत्तम चालत होता. १९०२ मध्ये त्यांनी तेथील मैदानावर तंबू ठोकून बायस्कोपचे खेळ सुरू केले. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस हे शहरातील पहिले कायमस्वरूपी चित्रगृह उभे राहिले. (या वास्तूला पुढे ‘मिनर्व्हा’ आणि नंतर ‘चॅप्लिन’ अशी नावे मिळाली, २०१३ मध्ये ती पाडण्यात आली. ज्या चार्ली चॅप्लिन यांचे नाव तिला लाभले, त्यांनी १९१९ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह युनायटेड आर्टिस्ट्स ही संस्था स्थापिली, ती नेमकी बड्या वितरकांच्या जाचातून सुटण्यासाठी.)

पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर अमेरिकी चित्रपटांचा ओघ वाढला. हे चित्रपट आपला खर्च मायदेशीच वसूल करून आलेले असत. त्यामुळे ते येथे अल्प भाड्यात देणे परवडत असे. भारतीय निर्मात्याला मात्र सारा खर्च याच देशातील मोजक्या चित्रगृहांतून भरून काढावा लागे. अशा स्थितीत ज्याच्याजवळ चित्रगृहेही होती आणि परदेशी चित्रपटांचा पुरवठाही, त्याच्याशी स्पर्धा करणे सोपे नव्हते. लहान शहरांतील चित्रगृहमालकाला नियमित पुरवठा हवा असे आणि त्यासाठी तो अशा मोठ्या वितरकावर अवलंबून राही. स्वतंत्र निर्मात्याजवळ वर्षाकाठी एखाद-दुसरा चित्रपट; तेवढ्यावर कोणते चित्रगृह चालणार? १९१९ मध्ये मादन यांनी मादन थिएटर्स लिमिटेड ही भागभांडवली कंपनी स्थापन केली, तेव्हा आयात, वितरण, प्रदर्शन आणि निर्मिती या चारही गोष्टी एकाच छत्राखाली आल्या.

निर्मितीकडे त्यांनी दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. १९१७ चा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ आणि १९१९ चा ‘बिल्वमंगल’ हे त्यांच्याच संस्थेचे. बंगालमधील कथापटांचा प्रारंभ यांतून झाला, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परंतु हे चित्रपट त्यांच्या चित्रगृहांसाठी होते आणि इतरांसाठी त्याच पडद्यांवर किती जागा उरते, हा प्रश्न होता. धीरेंद्रनाथ गांगुली यांचा ‘बिलात फेरत’ हा विनोदी चित्रपट १९२१ मध्ये भवानीपूरच्या रसा थिएटरात झळकला. मात्र यानंतर गांगुलींनी कलकत्ता सोडले आणि निजामाच्या हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली.

पश्चिम भारतात चित्र निराळे होते. तेथे मादन यांची पकड तितकी घट्ट नव्हती. बाबूराव पेंटर यांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झाला. मूकपटांच्या काळात निर्मितीसंस्था मुंबई, कोल्हापूर, नाशिक या पट्ट्यात अधिक रुजल्या, त्याच्या कारणांत चित्रगृहांची ही विखुरलेली मालकीही धरायला हवी.

१९२३ मध्ये मादन यांचे निधन झाले आणि कारभार पुत्र जे. जे. मादन यांच्याकडे आला. साखळी वाढतच राहिली. १९२७ मध्ये सरकारने दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा देशातील सुमारे ३०० चित्रगृहांपैकी ८० हून अधिक मादन कंपनीच्या हाती होती. भारतीय चित्रपटांचा प्रदर्शनातील वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता. मादन यांच्या मक्तेदारीविषयीच्या तक्रारी समितीपुढे आल्या; फाळके यांनीही समितीपुढे साक्ष दिली. भारतीय निर्मात्यांना साहाय्य द्यावे आणि चित्रगृहांनी काही प्रमाणात देशी चित्रपट दाखवावेत, अशा शिफारशी १९२८ च्या अहवालात होत्या. सरकारने त्या अमलात आणल्या नाहीत.

साखळी तुटली ती कायद्याने नव्हे. बोलपट आला. प्रत्येक चित्रगृहात ध्वनियंत्रणा बसविण्याचा खर्च आणि त्यात जागतिक मंदी, असा दुहेरी भार कंपनीवर पडला. जितकी चित्रगृहे अधिक, तितका खर्चही अधिक. कालपर्यंतचे बळच ओझे ठरले. पहिल्या भारतीय बोलपटाचा मानही मादन यांना मिळाला नाही. अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात प्रदर्शित झाला, आणि मादन यांचा ‘शिरीन फरहाद’ त्यानंतर आला. इराणी हे स्वतः चित्रगृहांच्या व्यवसायातून वर आलेले होते. कलकत्त्यात बी. एन. सरकार यांनी १९३० मध्ये ‘चित्रा’ हे चित्रगृह आधी उभारले आणि न्यू थिएटर्स ही निर्मितीसंस्था १९३१ मध्ये काढली. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

१९३० च्या दशकात मादन यांची चित्रगृहे एकामागून एक विकली गेली आणि कंपनीचा कारभार आटोपला. मध्य कलकत्त्यातील एका रस्त्याला मात्र त्यांचे नाव राहिले.